गावातच खजिना शोध: सांकेतिक चिठ्ठ्यांचा खेळ कसा मांडायचा

खजिना शोधाचा खेळ आपल्याकडे बहुतेकदा एकाच साच्यात होतो. चार चिठ्ठ्या लिहायच्या, "जिथं सावली दाट, तिथं पाहा वाट" असं काही यमक जुळवायचं आणि शेवटी चॉकलेटचा पुडा ठेवायचा. धाकटी पोरं खूश होतात. सातवी-आठवीतले पोट्टे मात्र चिठ्ठी पुरती न वाचताच धावत सुटतात, कारण खेड्यात पाण्याची टाकी एक, मोठा वड एक आणि देऊळही ठरलेलं. अख्खं गाव त्यांच्या पायाखालचं असतं.

म्हणून खेड्यात हा खेळ रंगवायचा असेल तर चिठ्ठी सांकेतिक हवी, आणि ती उलगडायची किल्ली जिथं चिठ्ठी सापडते त्या जागेवरच हवी. तिथल्या पायऱ्या मोजल्याशिवाय, फलक वाचल्याशिवाय, खांबाला हात लावल्याशिवाय पुढचा पत्ता कळूच नये. पुढचं सगळं नियोजन या एका नियमावर उभं आहे.

जागा निवडताना

तालुक्याच्या गावी नगरपंचायतीची बाग असते. खेड्यात बाग म्हणजे ग्रामपंचायतीजवळचा ओपन स्पेस: दोन झोपाळे, एक घसरगुंडी, व्यायामाची चार लोखंडी यंत्रं आणि कडेनं लावलेली करंज-कडुनिंबाची झाडं. तेवढं पुरतं. त्याला शाळेचं पटांगण, मारुतीच्या देवळाचं आवार, वडाचा किंवा पिंपळाचा पार आणि ग्रामपंचायतीचा व्हरांडा जोडला की पाच ठिकाणं झाली. पाचांपेक्षा जास्त घेऊ नका. सगळी ठिकाणं गावठाणात आणि एकमेकांपासून पाच मिनिटांच्या चालीवर असावीत.

प्रत्येक ठिकाणी मोजता येईल किंवा वाचता येईल असं, आणि सहसा न बदलणारं काहीतरी शोधा: झेंड्याच्या ओट्याच्या पायऱ्या, देवळाचे खांब, पाराच्या दगडी कडेचे कोपरे, पाण्याच्या टाकीवर रंगवलेली लिटरची क्षमता, ग्रामपंचायतीतली नागरिकांची सनद. कोनशिलासुद्धा छान चालते, पण तिच्यावर पुढाऱ्यांची नावं असतात. एका गटाची कोनशिला घेतली आणि दुसऱ्याची सोडली की पोरांच्या खेळावरून पारावर वेगळीच चर्चा रंगते. सनदेचा फलक बरा, त्यावर कुणाचा आक्षेप नसतो.

काही जागा सरळ वगळायच्या. कठडा नसलेली विहीर, शेततळं, कालवा आणि डीपीचा (विजेच्या ट्रान्सफॉर्मरचा) परिसर यांच्या जवळपासही खेळ नको. शेततळ्याचं प्लास्टिक ओलं झालं की त्यावर पाय ठरत नाही आणि पोहता येणारा माणूसही वर येऊ शकत नाही. पऱ्हाटीचे (कापसाच्या वाळक्या झाडांचे) ढीग, दगडांच्या राशी, भिंतीतली भोकं इथं हात घालायला लावणं म्हणजे साप-विंचवाला आमंत्रण. टाकीला किंवा उंच झाडाला आग्या मोहोळ असेल तर ती जागा बाद, मग टाकीवरचा आकडा कितीही सोयीचा असो. फवारणी झालेल्या वावराच्या धुऱ्यानंही रस्ता नेऊ नका. यवतमाळ जिल्ह्यात 2017 मध्ये फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले, ते आपल्या विदर्भात कुणी विसरलेलं नाही. औषधाचा रिकामा डबा कितीही धुतलेला असला तरी चिठ्ठीसाठी वापरायचा नाही. चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या जंगलालगतच्या गावांनी गावाबाहेरची एकही जागा घेऊ नये आणि दिवस कलायच्या बराच आधी खेळ आटोपावा.

वेळेचं म्हणाल तर डिसेंबर-जानेवारीतली रविवारची सकाळ उत्तम, आठ ते अकरा. पावसानंतरचं रान तोवर वाळलेलं असतं. दिवाळीच्या सुट्टीचा मोह होतो, पण तेव्हा कापूस वेचणीचे दिवस असतात आणि बरीच पोरं आईबरोबर वावरात असतात. त्यांना वगळून खेळ मांडण्यात अर्थ नाही. उन्हाळ्यात घ्यायचाच तर सकाळी साडेसहाला सुरू करून नऊच्या आत संपवा. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या पुढं जातो.

परवानगी, आणि "खजिना" या शब्दाची काळजी

सरपंच, मुख्याध्यापक आणि पोलीस पाटील या तिघांना आधी भेटून सांगा. देवळाचं आवार घेणार असाल तर पुजाऱ्यांना किंवा समितीलाही. चिठ्ठी ठेवायच्या प्रत्येक डबीवर ठळक अक्षरात "शाळेतल्या मुलांचा खेळ, कृपया हलवू नका" अशी पट्टी लावा आणि खाली आयोजकाचा फोन नंबर लिहा. बेवारस डबी दिसली की लोकांना शंका येणारच.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. गुप्तधनाच्या नादानं आपल्या ग्रामीण भागात भयंकर प्रकार घडले आहेत. जादूटोणाविरोधी कायदा 2013 पासून आहे, तरी मनातली भीती आणि लालसा पुरती गेलेली नाही. म्हणून या खेळात खोदकाम अजिबात ठेवू नका. लिंबू, कुंकू, काळी बाहुली, कवटीचं चित्र असली सजावट नको. स्मशान आणि समाधीच्या जागा नकोत. खजिना म्हणजे पुस्तकांची पेटी आहे, हे खेळाच्या आधीच्या दिवशी शाळेत सगळ्यांसमोर सांगा. शोधायचं काय ते ठाऊक असलं तरी मजा कमी होत नाही, कारण खरी गंमत उलगडण्यात आहे.

संकेत: देवनागरीसाठी काय बदलावं लागतं

इंटरनेटवरचे बहुतेक संकेत सव्वीस रोमन अक्षरांसाठी बनवलेले असतात. मराठीत काना-मात्रा, अनुस्वार, जोडाक्षरं आली की ते कोलमडतात. त्यावरचा उपाय सोपा आहे: फक्त व्यंजन बदलायचं, काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार जिथल्या तिथं ठेवायचे. शब्दाच्या सुरुवातीला येणारे अ, आ, इ, उ हेही तसेच राहू द्यायचे.

असा अक्षरबदल आपल्या मातीत नवा नाही. अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर हे महानुभाव पंथाचं मोठं ठिकाण. या पंथानं आपले ग्रंथ सकळ लिपी, सुंदरी लिपी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून जपले. सकळ लिपीत एका अक्षराच्या जागी ठरलेलं दुसरं अक्षर येतं. हे मराठी ग्रंथ बाहेरच्या वाचकाला शतकानुशतकं वाचता येत नव्हते, आणि आधुनिक काळात इतिहासाचार्य राजवाडे यांनी त्या लिपीचा उलगडा केला. हे पोरांना जरूर सांगा. ज्यूलियस सीझर तीन घरं पुढचं अक्षर वापरायचा हेही सांगा, पण रिद्धपूर आधी.

चाक. मराठीची व्यंजनं मांडा: क ते म पंचवीस आणि य र ल व श ष स ह ळ ही नऊ, एकूण चौतीस. वर्तुळाचे चौतीस सारखे भाग करणं शाळेच्या कंपासमधल्या कोनमापकानं जिकिरीचं जातं. त्यातली ङ आणि ञ आपण रोजच्या लिहिण्यात वापरत नाही, ती वगळा. उरली बत्तीस. आता पातळ कागदाचं वर्तुळ कापून त्याची पाच वेळा अर्धी घडी घाला. उघडलं की बरोबर बत्तीस भाग. हा कागद जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड पुठ्ठ्यावर ठेवून खुणा करून घ्या. एक चाक मोठं, एक लहान; दोन्हींवर क ख ग घ च छ ज झ ट ठ ड ढ ण त थ द ध न प फ ब भ म य र ल व श ष स ह ळ याच क्रमानं अक्षरं लिहा, मधोमध टाचणी किंवा टिचबटण लावा. लहान चाक फिरलं की संकेत तयार.

तीन घरं पुढं सरकवून "चिंचेखाली बघा" लिहून पाहू. च चा झ, ख चा च, ल चा ष, ब चा य, घ चा ज होतो. चिठ्ठीवर येतं:

झिंझेचाषी यजा

मोठ्यानं वाचलं की पोरं खदखदून हसतात आणि तिथंच कामाला लागतात. जोडाक्षरात दोन्ही व्यंजनं सरकतात, म्हणजे "आंब्याखाली" चं "आंय्वाचाषी" होतं. रफार, ट्र, क्ष, ज्ञ असलेले शब्द मात्र टाळा, त्यात मोठेही गोंधळतात. "किती घरं?" याचं उत्तर चिठ्ठीत लिहायचं नाही. तिथं एवढंच लिहा: "देवळाच्या जेवढ्या पायऱ्या, तेवढी घरं मागं." पायऱ्या मोजायला गेलेली पोरं पहिली पायरी धरायची की नाही यावर वाद घालतात, म्हणून जिथं मोजणीत शंका राहणार नाही अशीच वस्तू निवडा.

तयारीच्या पोरांना हे चाक न फिरवताही काही शब्द फुटतात. "झिंझे" मध्ये एकच अक्षर लागोपाठ दोनदा आलंय, वर अनुस्वार आहे. गावातलं असं कोणतं झाड? चिंच! कुणी असं ओळखलं तर त्याला अडवू नका. संकेत फोडणं म्हणजे नेमकं हेच.

वर्गाची चौकट. बाराखडीच्या पाटीवर आपण पाच वर्ग पाच-पाच अक्षरांचे शिकतो. ती आयती चौकट आहे. ओळ पहिली क-वर्ग, दुसरी च-वर्ग, तिसरी ट-वर्ग, चौथी त-वर्ग, पाचवी प-वर्ग, सहावी य र ल व श, सातवी ष स ह ळ. प्रत्येक अक्षराला दोन अंक: आधी ओळ, मग त्या ओळीतली जागा. क म्हणजे 11, म म्हणजे 55, र म्हणजे 62. काना-वेलांटी आकड्याला जोडून लिहायची. "वडाखाली" असं होतं: 64, 33ा, 12ा, 63ी.

एवढ्यावर थांबलात तर चौकट पाठ असलेला पोरगा जागेवर न जाताच उत्तर सांगेल. म्हणून प्रत्येक आकड्यात देवळाच्या खांबांची संख्या मिळवा. चार खांब असतील तर चिठ्ठी होते: 68, 37ा, 16ा, 67ी. इथं एक छान गोष्ट घडते. चौकटीत दुसरा अंक पाचाच्या पुढं जाऊच शकत नाही, आठ, सात, सहा दिसले की हुशार पोरगी लगेच म्हणते, "यात काहीतरी मिळवलंय." किती मिळवलंय ते खांब सांगतात.

झोपाळ्याच्या खांबाची पट्टी. किराणा दुकानातल्या बिलाच्या रोलची दोन बोटं रुंद लांब पट्टी कापा. बागेतल्या झोपाळ्याच्या लोखंडी खांबावर ती तिरकी गुंडाळा, कडेला कड लागली पाहिजे, एकावर एक चढता कामा नये. दोन्ही टोकं चिकटपट्टीनं धरून खांबाच्या उभ्या रेषेत एकेका वेढ्यावर एकेक अक्षर लिहा, काना-मात्रेसकट. उरलेल्या जागेत मनाला येतील ती अक्षरं भरा. पट्टी सोडली की नुसता अक्षरांचा भरडा दिसतो; त्याच जाडीच्या खांबावर पुन्हा गुंडाळली की ओळ जुळते. प्राचीन ग्रीसमधले स्पार्टाचे लोक काठीवर चामड्याची पट्टी गुंडाळून असे निरोप पाठवत, असं जुन्या ग्रंथांत नोंदवलेलं आहे. बागेत वेगवेगळ्या जाडीचे खांब असतात, घसरगुंडीचा वेगळा, झोपाळ्याचा वेगळा. कोणता खांब ते सांगू नका, पोरं बागभर पट्टी घेऊन फिरतात. पाचही ठिकाणांत मला हे सर्वांत आवडतं, कारण इथं न वाचता येणारं धाकटं भावंडही पट्टी धरायच्या कामी येतं.

फलकातला निरोप. ग्रामपंचायतीच्या सनदेवरून 3-2-1 असे आकडे द्या: तिसरी ओळ, दुसरा शब्द, पहिलं अक्षर. फलक रंगवून बदलला तर नाही ना, हे आदल्या दिवशी बघा.

हळदीची चिठ्ठी. अर्ध्या वाटी पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा विरघळवा, काडीला कापूस गुंडाळून जाड पांढऱ्या कागदावर लिहा आणि वाळू द्या. काही दिसत नाही. वरून हळदीच्या पाण्याचा बोळा फिरवला की कागद पिवळा होतो आणि सोड्याची अक्षरं लालसर उमटतात, कारण अल्कली लागली की हळदीचा रंग बदलतो. वर्धा जिल्ह्यातली वायगावची हळद मिळाली तर रंग झकास येतो. संत्र्याच्या रसानं लिहून कागद तापवला तरी तपकिरी अक्षरं उठतात, पण त्याला इस्त्री किंवा विस्तव लागतो. पटांगणात हळदच बरी. हिची किल्ली म्हणजे हळदीची वाटी. ती झेंड्याच्या ओट्याजवळच्या स्वयंसेवकाकडे ठेवायची आणि ओट्याच्या पायऱ्या बरोबर सांगितल्यावरच द्यायची.

साखळी उलटीकडून बांधा

आधी खजिन्याची जागा ठरवा. उदाहरणार्थ, वाचनालय: वा, च, ना, ल, य. पाच अक्षरं, पाच ठिकाणं. प्रत्येक डबीत दोन कागद ठेवा, एक पुढच्या ठिकाणाची सांकेतिक चिठ्ठी आणि दुसरा एका अक्षराचा. ठिकाणं गोलात जोडा: एकावरून दोन, दोनवरून तीन, पाचवरून पुन्हा एक. पाच गट पाच वेगवेगळ्या ठिकाणांवरून सुरू करतात, त्यामुळं एकाच पारावर गर्दी होत नाही आणि पुढच्या गटाच्या मागं मागं जाऊन काही साधत नाही. जिथून सुरुवात केली तिथलाच पत्ता पुन्हा आला की गटाला कळतं, फेरी पुरी झाली. मग हातातली पाच अक्षरं जुळवत बसायचं.

वाचनालयात पेटीला तीन आकडी कुलूप. त्यासाठी कटपयादि ही अक्षरांना आकडे देण्याची आपली जुनी पद्धत वापरा. कुलपाशेजारी हा तक्ता लावा:

1: क ट प य
2: ख ठ फ र
3: ग ड ब ल
4: घ ढ भ व
5: ङ ण म श
6: च त ष
7: छ थ स
8: ज द ह
9: झ ध
0: ञ न

खाली फक्त एवढं: "वऱ्हाडचं पांढरं सोनं." उत्तर कापूस, क 1, प 1, स 7, म्हणून 117. मूळ पद्धतीत आकडे उजवीकडून वाचतात. कर्नाटक संगीतातल्या 72 मेळकर्ता (मूळ) रागांचे क्रमांक त्यांच्या नावांत असेच दडवलेले आहेत: मायामालवगौळ मधलं "मा" 5, "या" 1, उलटं वाचलं की 15, आणि तो पंधरावाच राग. मोठ्या वर्गांसाठी खेळ असेल तर कुलूप 711 वर लावा आणि तक्त्याखाली उजवीकडं डोकं केलेला बाण काढू नका, डावीकडं केलेला काढा.

सगळी साखळी एका कागदावर लिहून ठेवा: ठिकाण, डबी नेमकी कुठं, किल्ली काय, चिठ्ठीतला मजकूर, उलगडा, अक्षर. हा कागद खेळाच्या दिवशी आयोजकाच्या खिशात हवा.

चाचणी

चिठ्ठ्या ज्यानं लिहिल्या त्यानं तपासून उपयोग नाही, त्याला उत्तर आधीच दिसत असतं. गावातल्या एखाद्या अकरावी-बारावीच्या मुलीला किंवा अंगणवाडीताईंना चाक आणि चिठ्ठ्या द्या आणि आपण गप्प उभे राहा. एका चिठ्ठीला दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागला तर मजकूर छोटा करा. आदल्या दिवशी शाळेत सगळ्या पोरांना चाक आणि चौकट शिकवा, प्रत्येकाला आपलं नाव संकेतात लिहायला लावा. पद्धत सगळ्यांना माहीत असली तरी बिघडत नाही, किल्ली माहीत नसली म्हणजे झालं. ऑगस्ट केर्कहॉफ्स या संकेतशास्त्राच्या अभ्यासकानं 1883 मध्ये लष्करी संकेतांसाठी हेच तत्त्व मांडलं होतं.

मेळघाटात किंवा गडचिरोलीत घरी कोरकू, गोंडी, माडिया बोलणारी पोरं असतात. उत्तरातली झाडांची आणि जागांची नावं त्यांच्या बोलीतली घ्या. अशा ठिकाणी तीच पोरं गटाची पुढारी होतात.

खेळाचा दिवस

गट चारांचा, त्यात पाचवी ते आठवीतली मिसळ, मुलगे-मुली एकत्र. पळता न येणारं मूल असेल तर वाटा सपाट ठेवा आणि चाक त्याच्या हाती द्या. प्रत्येक ठिकाणी एक मोठा माणूस, त्याच्याजवळ पिण्याचं पाणी. फिरकीच्या झाकणाच्या छोट्या डब्या सकाळीच ठेवा, रात्री नको. डबीत खाऊ ठेवू नका, वानरं उचलून नेतात. आणि चिठ्ठी उघडी ठेवलीत तर शेळी खाते. झाडाला खिळा ठोकायचा नाही, सुतळीनं बांधा.

अडलेल्या गटाला इशारा मागता येतो, पण त्या बदल्यात बागेतल्या एका झाडाला बादलीभर पाणी घालायचं. गुण कापण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं, रडारड होत नाही आणि करंजाची रोपंही जगतात. दुसऱ्या गटाची डबी लपवली तर मात्र त्या गटाला थांबवा, यात सूट नको.

पेटीत पाचही गटांना पुरेल असं ठेवा: वाचनालयासाठी नवी पुस्तकं, प्रत्येक गटाला एक भिंग, सगळ्यांना संत्री आणि शेंगदाण्याची चिक्की. पहिला आलेला गट कुलूप उघडतो, पण झाकण सगळे जमल्यावरच वर करायचं.

खेळ संपला की डब्या आणि चिठ्ठ्या साखळीच्या कागदावर टिक करत मोजून परत घ्या, सुतळ्या सोडा. कागद आणि चाकं शाळेच्या कपाटात ठेवा. पुढच्या वर्षी त्याच ठिकाणांवर खेळ मांडता येतो, किल्ल्या तेवढ्या बदलायच्या: पायऱ्यांऐवजी खिडक्या, खांबांऐवजी घंटा. मात्र कागदावरच्या जुन्या आकड्यांवर विसंबू नका. वर्षभरात देवळाला नवा सभामंडप होतो, टाकी रंगवली जाते, झोपाळा मोडतो. चिठ्ठ्या लिहायच्या आधी गावातून एक फेरी मारून प्रत्येक किल्ली पुन्हा मोजून घ्या.